‘मिद्दा’ला मराठीत काय म्हणावे?

यहुदी धर्मपंडितांच्या नीतिपर शिकवणुकीवरील एका लेखाचे मराठी भाषांतर करताना एक वाचक भगिनी ‘मिद्दा’ या हिब्रू शब्दापाशी अडल्या आहेत. ‘स्वभाव’, ‘गुण’ आणि ‘सद्गुण’ असे तीन पर्याय देऊन त्यांतला कोणता योग्य, असे त्यांनी विचारले आहे. शिवाय ‘मुसार’, म्हणजे स्वतःला सुधारण्याची यहुदी शिकवण, या शब्दासाठी ‘नीतिशास्त्र’ चालेल का, आणि ‘मिद्दोत’ हे अनेकवचन मराठीत तसेच ठेवावे का, अशा दोन शंका आहेत. त्यांचे नमुन्याचे वाक्य असे : ‘प्रत्येकाने आपल्या स्वभावातील मिद्दोत सुधारावेत.’

तीनही पर्यायांपैकी एकही मला पटत नाही. ते का, हे सांगण्यासाठी शब्दाच्या मुळाशी जायला हवे.

‘मिद्दा’ हा शब्द ‘मोजणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे आणि त्याचा पहिला, रोकडा अर्थ ‘माप’ असाच आहे. बायबलमधील निर्गम या पुस्तकात निवासमंडपाचे, म्हणजे तंबूतल्या देवस्थानाचे, सगळे पडदे ‘एकाच मिद्देचे’, म्हणजे एकाच मापाचे असावेत, असे सांगितले आहे. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात मापात, वजनात आणि परिमाणात अन्याय करू नका अशी आज्ञा आहे, तिथेही हाच शब्द येतो. आपण ज्याला ‘मापात पाप’ म्हणतो, ते करू नये असेच तिचे सांगणे. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहात ‘मिद्दोत’ नावाचे एक संपूर्ण प्रकरण असून त्यात सद्वर्तनाचा उपदेश नाही, तर जेरुसलेमच्या मंदिराची दारे, अंगणे आणि वेदी यांची लांबी-रुंदी दिलेली आहे. आजच्या हिब्रूतसुद्धा कपड्यांच्या किंवा चपलांच्या दुकानात माप विचारायचे, तर हाच शब्द वापरतात. हाच शब्द माणसाच्या राग, औदार्य, संयम, नम्रता अशा आंतरिक गोष्टींना लावला गेला, ही माझ्या दृष्टीने या भाषेतील फार सुंदर घटना आहे, आणि भाषांतरात नेमकी तीच हरवू नये.

आता आपला पहिला पर्याय घेऊ. ‘स्वभाव’ म्हणजे स्वतःचा भाव, जन्मतः असलेला. मराठी माणसाच्या मनात या शब्दाच्या पाठोपाठ ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण येते, आणि ती आली नाही तर ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही तरी येतेच. बोलणारा हे बहुधा हताशपणे किंवा समजूत घालण्यासाठी बोलतो, पण त्यातला गृहीत अर्थ स्पष्ट आहे : हे बदलणारे नाही. यहुदी पंडितांचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. मध्ययुगीन यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीज (११३८–१२०४) यांनी आपल्या ‘मिश्ने तोरा’ या धर्मनियमांच्या संहितेत असे लिहिले आहे की, ज्यांचा जीव आजारी आहे त्यांनी ज्ञानी लोकांकडे जावे, कारण ते जिवाचे वैद्य आहेत. पुढे ते उपायही सांगतात. जो एका टोकाला गेला आहे त्याने काही काळ दुसऱ्या टोकाचे आचरण करावे आणि मग मधल्या वाटेवर यावे. ज्या विचारपरंपरेचा पाया स्वभावाला औषध आहे या विश्वासावर उभा आहे, तिच्या मुख्य शब्दाला मराठीत ‘स्वभाव’ म्हटले, तर वाचकाच्या मनातली म्हणच त्या विचाराला पहिल्या ओळीत खोडून काढील.

‘सद्गुण’ हा शब्द तर लगेच बाजूला ठेवावा, कारण राग हीसुद्धा एक मिद्दाच आहे. ‘गुण’ हा शब्द त्याहून जवळचा आहे, हे मी मान्य करतो. परीक्षेत मिळतात तेही गुण आणि औषधाने येतो तोही गुण. म्हणजे मोजणे आणि बरे होणे या दोन्ही छटा त्यात आहेत. पण रोजच्या बोलण्यात ‘गुणी मुलगी’ म्हटले की चांगलेच अभिप्रेत असते, आणि वाईटासाठी ‘अवगुण’ किंवा ‘दोष’ असा वेगळा शब्द आपण काढून ठेवलेला आहे. मिद्देच्या बाबतीत अशी दोन खाती नाहीत. तीच गोष्ट कमी पडली तर दोष, वाजवी असली तर शोभा आणि उतू गेली तर पुन्हा दोष, असा तिचा हिशेब आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण तालमूद या मिश्नावरील चर्चांच्या ग्रंथातल्या सोता या प्रकरणात आहे. विद्वानाच्या ठायी गर्व असावा का, अशी तिथे चर्चा आहे. एक मत असे की असावा, पण आठव्या हिश्श्याचा आठवा हिस्सा, म्हणजे एक चौसष्टांश. जुन्या चलनात रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होत, त्यामुळे रुपयात बरोबर चौसष्ट पैसे भरत. तेव्हा मराठीत हे मत सांगायचे तर ‘रुपयात एक जुना पैसा, इतकाच गर्व असावा’ असे सांगता येईल. त्याच ठिकाणी दुसरे एक पंडित याला ठाम विरोध करून म्हणतात की तोही नको आणि त्याचा अंशही नको. मायमोनिडीज यांनीही सर्वत्र मध्यम मार्ग सांगताना गर्व आणि राग यांना अपवाद केले आहे. कोणाचे मत ग्राह्य, हा वेगळा विषय. भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, गर्वासारख्या गोष्टीचासुद्धा वाद इथे ‘किती’ या शब्दावर चालतो.

म्हणून माझी सूचना ‘मात्रा’ या शब्दाची आहे. हाही ‘मोजणे’ या अर्थाच्या ‘मा’ धातूपासून आलेला आहे, म्हणजे त्याची घडण मिद्देसारखीच आहे. कवितेच्या वृत्तात मात्रा मोजतात, वैद्य मात्रा उगाळून देतात, आणि एखादा उपाय चालला की ‘मात्रा लागू पडली’ असे आपण म्हणतो. ‘त्याच्या बोलण्यात अहंकाराची मात्रा जरा जास्त आहे’ हे वाक्य कोणालाही परके वाटणार नाही. ज्या भाषेत ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण रुळली, त्याच भाषेत माप आणि औषध या दोन्ही अर्थांचा एक शब्द तयार आहे, याचा मला खरोखर आनंद वाटतो. लिथुएनियातील रब्बी इस्राएल सालांटर यांच्याविषयी सांगितली जाणारी एक गोष्ट इथे आठवते. जेवणापूर्वी विधीप्रमाणे हात धुताना धार्मिक लोक पुष्कळ पाणी घेत. सालांटर मात्र विधीला लागेल तेवढेच मोजके पाणी घेत. कोणी कारण विचारले तेव्हा त्यांचे उत्तर असे होते की, हे पाणी कामवाली बाई लांबून वाहून आणते आणि तिच्या खांद्यावर भार टाकून मला पुण्य नको. भक्तीचीही मात्रा असते, हे दाखवायला तांब्यातले ते पाणी पुरेसे आहे.

एक अपवाद मात्र करावा लागेल. आपल्या लेखात ‘पिर्के आवोत’ या मिश्नातील प्रकरणाचे उतारे असतील, तर त्याच्या पाचव्या अध्यायात ‘चार मिद्दा’ अशी सुरुवात असलेली वचने येतात, आणि तिथे ‘मात्रा’ चालणार नाही, कारण तिथे अर्थ ‘प्रकार’ असा आहे. माझे ते माझे आणि तुझे ते तुझे म्हणणारा एक, माझे तेही तुझे आणि तुझे तेही तुझेच म्हणणारा दुसरा, अशी ती मांडणी आहे. त्यासाठी ‘माणसांच्या चार तऱ्हा’ हे मला सर्वांत सहज वाटते. याच अध्यायात गुरूसमोर बसणाऱ्यांच्या चार तऱ्हा सांगितल्या आहेत : स्पंज, नरसाळे, गाळणी आणि चाळण. स्पंज सगळेच शोषून घेतो, नरसाळ्यात एकीकडून आलेले दुसरीकडून जाते, गाळणी द्राक्षारस सोडून देऊन गाळ धरून ठेवते, आणि चाळण पीठ सोडून ‘सोलेत’ राखते.

या चाळणीपाशी भाषांतरकाराने फार जपायला हवे. मराठीत चाळणीची प्रतिमा वाईटच आहे. अंगाची चाळण होते, आणि चाळणीत घातलेले पाणी राहत नाही. पोळ्यांचे पीठ चाळताना उपयोगाचे पीठ खाली पडते आणि वर कोंडा उरतो, त्यामुळे ‘चाळण पीठ सोडते’ असे वाचून वाचकाला ही निंदाच वाटेल. वचनाचा रोख मात्र स्तुतीचा आहे. आमच्या घरी लाडवांसाठी गव्हाचा रवा घरीच काढत असत. ओलवलेला गहू जरा जाडसर दळून आणायचा आणि बारीक चाळणीने चाळायचा. पिठी धुरळ्यासारखी खाली परातीत पडे आणि दाणेदार, पिवळसर रवा चाळणीत राही. ‘सोलेत’ म्हणजे हा राखलेला, कसदार भाग. तेव्हा ‘चाळण पिठी जाऊ देते आणि रवा राखते’ असे लिहावे, म्हणजे तळटिपेची गरज उरत नाही.

‘मुसार’साठी ‘नीतिशास्त्र’ नको, कारण शास्त्र अभ्यासायचे असते आणि मुसार अंगी बाणवायची असते. मूळ धातूचा अर्थ ताकीद देणे, सुधारणे असा आहे, आणि नीतिसूत्रे या पुस्तकात बापाने मुलाला द्यायची मुसार अशा अर्थाने तो येतो. संस्कृतात शिकवण असलेला ‘शिक्षा’ हा शब्द मराठीत दंड झाला. मुसार या शब्दात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मला ‘वळण’ हा शब्द योग्य वाटतो. मुलांना वळण लावतात, अक्षराला वळण असते, आणि ‘स्वतःला वळण लावून घेणे’ हा प्रयोग प्रौढ माणसासाठीही शोभतो. सालांटर यांनी एकोणिसाव्या शतकात सुरू केलेल्या मुसार चळवळीचा भर नेमका यावर होता की, मोठ्या माणसांनी रोज थोडा वेळ काढून स्वतःला वळण लावावे.

या संदर्भात ‘हेश्बोन हानेफेश’ हा शब्दप्रयोग आपल्याला भेटेलच. मेनाहेम मेंडेल लेफिन यांनी १८०८ मध्ये याच नावाचे पुस्तक लिहिले. बेंजामिन फ्रँकलिन यांच्या पद्धतीवरून त्यांनी तेरा मिद्दा निवडल्या, एकेका आठवड्याला एक मिद्दा नेमून दिली आणि रोजच्या चुका तक्त्यात टिपायला सांगितले, म्हणजे वर्षभरात प्रत्येकीची पाळी चारदा येते. याचे ‘आत्मपरीक्षण’ असे भाषांतर सर्रास होते, पण त्यात तो तक्ता आणि त्या नोंदी दिसत नाहीत. ‘जिवाचा हिशेब’ म्हणा. मराठीतला ‘हिशेब’ अरबीतून आला आहे, आणि अरबी ‘हिसाब’ व हिब्रू ‘हेश्बोन’ हे एकाच सेमिटिक धातूचे शब्द आहेत. म्हणजे इथे आपण भाषांतर करत नसून हिब्रू शब्दाच्या भावकीतलाच शब्द वापरत आहोत.

राहिला अनेकवचनाचा प्रश्न. मूळ शब्द ठेवायचाच असेल तर ‘मिद्दोत’ला मराठी प्रत्यय लावू नयेत, कारण ते आधीच अनेकवचन आहे. हिब्रूत ‘मिद्दा’ स्त्रीलिंगी आहे आणि मराठीत ‘शाळा’, ‘मात्रा’ या शब्दांप्रमाणे तो दोन्ही वचनांत तसाच राहू शकतो : एक मिद्दा, तेरा मिद्दा, त्या मिद्देचा, या मिद्दांचा. मुंबईत १८४६ मध्येच बेने इस्राएल या मराठीभाषक यहुदी समाजासाठी हिब्रूसह मराठी हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली होती, तेव्हा हिब्रू शब्दांना मराठी व्याकरणात बसवण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. आपले वाक्य मी असे लिहीन : ‘प्रत्येकाने आपल्या मनातल्या मात्रा तपासाव्यात आणि त्या ठीक कराव्यात.’ मूळ शब्द एकदा दाखवायचा असल्यास पहिल्या उल्लेखात ‘मिद्दा, म्हणजे मनातली मात्रा’ असे लिहून पुढे सर्वत्र ‘मात्रा’ वापरावे.