हेल्मेटचं पहिलं किट: कापताना घाई टाळा

वेशभूषेसाठीच्या, पातळ प्लास्टिकच्या हेल्मेटचं हे पहिलंच किट आहे ना, म्हणजे स्वतः कापून रंगवायचं? मग रंगाचा विचार नंतर. बहुतेक हेल्मेटं कापतानाच बिघडतात.

पेन्सिलच्या रेषेवर थेट कापू नका, बाहेर २-३ मिमी जागा सोडा. कटरने एका दमात आरपार जायचं नाही. त्याच कापावरून हलक्या हाताने चार-पाच वेळा ओढा, मग वाकवलं की पातळ प्लास्टिक स्वच्छ तुटतं. उरलेलं सँडपेपरने घासा. डोळ्यांची भोकं तर मुद्दाम लहानच कापा. भोक वाढवता येतं, कमी करता येत नाही! आणि पातं नेहमी हातापासून दूर.

रंगाआधी:

- भांड्यांच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग पापुद्र्यांनी निघतो.
- ४०० नंबरच्या सँडपेपरने चकाकी घालवा.
- प्लास्टिकला चालणारा प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) लावा.

स्प्रे २०-२५ सेंमीवरून, पातळ थरांत. पहिल्या थरात प्लास्टिक दिसत राहतं, ते बरोबरच आहे. तिथेच जाड फवारा मारायचा मोह होतो आणि ओघळ येतात. फवारताना मोकळी हवा आणि वाफा अडवणारा मास्क हवाच, साधा कापडी चालत नाही.

झिजल्याचा परिणाम, धातूची झाक वगैरे दुसऱ्या हेल्मेटला. कापून झालं की फोटो दाखवा, रंगाआधी एकदा बघू.