आधी गळ्यातून

प्रिय मुला,

यमन रागावरच्या तुझ्या पियानोच्या रचनेचं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं आणि तुझा प्रश्न पुन्हा वाचला: "हे भारतीय वाटतं की पाश्चात्त्य?" प्रश्नच चुकलाय रे. हे तू गाऊन बघितलंस का, ते सांग.

नाहीच बघितलंस. यमनमधला निषाद संवादी, म्हणजे रागातला दुसऱ्या क्रमांकाचा महत्त्वाचा सूर. त्याच्यावर निवांत थांबता येतं. तू खाली प-नि-रे असा कॉर्ड, म्हणजे तिन्ही सूर एकदम, दिलास आणि पाठोपाठ सा-ग-प. मग त्या निषादाला सा गाठायची घाई सुटणारच! सूर यमनचे राहिले, वागणूक बदलली. तंबोरा लावून तो निषाद एकदा जरी श्वासभर धरला असतास, तर तुझा डावा हात आपोआप थबकला असता.

पियानोवर मींड निघत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, ही तक्रार मला सांगू नकोस. हंगेरीचा संगीतकार बार्टोक, त्याच्या पियानोवर तरी कुठे निघत होती? 1904 साली लिदी दोशा या ट्रान्सिल्व्हेनियाच्या मुलीचं गाणं त्याच्या कानावर पडलं, आणि पुढे तो फोनोग्राफ, म्हणजे आवाज धरून ठेवणारं यंत्र, घेऊन खेडोपाडी हिंडला. मेणाच्या नळकांड्यांवर गाणी धरायची आणि घरी येऊन एकेक हेलकावा कागदावर उतरवायचा. 1915 सालच्या त्याच्या 'रुमानियन लोकनृत्यां'तलं तिसरं काढ, 'पे लोक'. म्हणजे 'जागच्या जागी'. उजव्या हातात पाव्यासारखी बारीक सुरावट. षड्ज धरून ऐकलंस तर कोमल गंधारावरून थेट तीव्र मध्यम. आणि डावा हात? जवळजवळ हलतच नाही. त्याला कॉर्ड येत नव्हते का? गाणाऱ्याचा श्वास त्याच्या कानात होता, म्हणून त्यानं हात आवरला. फ्रेंच संगीतकार दबुसीनं 1889 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात जावाचं गॅमेलान, म्हणजे तिथलं घंटा-झांजांचं वाद्यवृंद, ऐकलं आणि 1903 साली पियानोसाठी 'पॅगोडा' लिहिलं. त्यातही घंटांचा रेंगाळणारा नाद पेडलमधून येतो, नुसती उचललेली चाल नाही.

मी हे शिकले फार उशिरा. लहानपणी सुट्टीत गावी गेले की पहाटे आजीच्या जात्यानं झोपमोड व्हायची. मी चिडून कानावर गोधडी ओढायचे. तिशीत मला पियानोसाठी ओवी 'रचायची' हौस आली, तेव्हा आजी नव्हती. छापील स्वरलिपी घेतली, खाली सुंदर कॉर्ड बसवले, कार्यक्रमात वाजवली, टाळ्याही मिळाल्या. आत्या मागे येऊन हळूच म्हणाली, "छान वाजवलंस गं. पण आई शेवटचं अक्षर ओढायची, जात्याचा फेरा पुरा होईस्तोवर." माझ्या ओवीत तो फेराच नव्हता. चार मात्रांत कापून टाकला होता मी. आजीचा आवाज आता कुठल्याही नळकांड्यावर नाही. तू मात्र यमन रोज ऐकू शकतोस, शिकू शकतोस, गाऊ शकतोस. मग गात का नाहीस?

गळा चांगला नाही, म्हणशील. माझाही फाटका आहे. मैफल कुठे करायचीय? आधी गाऊन बघ, मग बोटं ठेव. त्या ओवीनंतर जे गाता आलं नाही ते मी वाजवलंच नाही. त्यापायी फ्यूजनचे कितीतरी कार्यक्रम नाकारले. लोक हेकट म्हणाले, वर्षाकाठी दोन-तीनच रचना हाती लागल्या. चालेल. त्या दोन-तीन मला कधीही ऐकवायला लाज वाटत नाही, आणि त्या टाळ्या मिळालेल्या ओवीची अजून वाटते.

तुझा हात फार चांगला आहे, माझ्यापेक्षा चांगला. म्हणूनच जीव तुटतो.

रविवारी सकाळी ये. पियानोचं झाकण बंद असेल. तंबोरा मी लावून ठेवते. तो निषाद मला गाऊन दाखव, मग डाव्या हाताचं बघू.

तुझी,
बाई