तू माझ्या किडनीला वाढतेस

"मॅडम, माझ्या हातून काही चुकीचं वाढलं गेलं आणि किडनीच गेली तर?" प्रत्यारोपणानंतर पेशंट घरी आला की हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे येतोच. कधी बायको विचारते, कधी वडील. या वेळी आई होती, आणि किडनी तिनेच दिली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मुलगा पंचविशीचा. स्टिरॉइडमुळे त्याला सारखी भूक लागायची आणि आई समोर बसून घास मोजायची. डायलिसिसच्या वेळचं पथ्य तसंच चालू होतं: पोटॅशियम कमी व्हावं म्हणून भाजी उकळून पाणी फेकायचं, मग फोडणीला टाकायची. तो निम्मं ताट सरकवायचा आणि रात्री चोरून बिस्किटं खायचा.

मी एकट्या माणसाची भीती एकटी तपासत नाही, घरच्यांना सोबत बसवते. तिसऱ्या भेटीत तो म्हणाला, "तू मला वाढतच नाहीस. तुझ्या किडनीला वाढतेस."

ती पर्सचा बंद पिळत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आता द्यायला माझ्याकडे दुसरी नाही रे."

मी काही बोलले नाही. बोलले असते तर सगळं वाया गेलं असतं, एवढं इतक्या वर्षांत कळतं. भीती अन्नाची नव्हतीच.

मग मी एवढंच सुचवलं: भीती ओट्यापाशी संपवा, ताटात वाढू नका. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते, पहिले काही महिने तर फारच. म्हणून कच्चं अंडं, अर्धवट शिजलेलं मांस, न तापवलेलं दूध, कच्ची मोडाची कडधान्यं, बाहेर कापून ठेवलेली फळं नकोत. शिजवलेलं दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवायचं, परत घेताना आतपर्यंत कडकडीत गरम करायचं. ग्रेपफ्रूट आणि पपनस बंद, त्यांनी टॅक्रोलिमसची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची, रक्तातली पातळी वाढते. ताकदीच्या पावडरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. हे सांभाळलं की पहारा उठवायचा. जखम भरायला प्रथिनं लागतात, अर्धपोटी ठेवून कसं चालेल? पोटॅशियम, मीठ, साखर किती, ते रिपोर्ट बघून आहारतज्ज्ञ ठरवतील. या मुलाचं पोटॅशियम ठीक होतं, भाजी उकळून पाणी फेकणं त्यांनीच थांबवलं.

आता आई त्याच्याच सोबत ताट घेऊन बसते. मीठ कमीच आहे अजून, दोघं मिळून कुरकुरतात.