पिंजऱ्यातलं माकड रात्रीत कसं दगावलं?

प्रश्न : येऊरला ओळखीच्यांच्या बंगल्यात नर-मादी अशी दोन माकडं पिंजऱ्यात आहेत. लांब शेपटी, डोक्यावर टोपीसारखे केस. राखणदार रोज सकाळी एकदाच मूठभर भात टाकतो. रविवारी पाहुणे केळी, पाव, बिस्किटं हवी तेवढी देतात. सोमवारी सकाळी नर मेलेला सापडला, पोट टम्म फुगलेलं. राखणदाराने विष घातलं, असं सगळे म्हणतात. एका रात्रीत असं होतं का?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : होतं, ताई, आणि विषाशिवायही होतं. पिंजऱ्यातल्या माकडांवर मी बरीच वर्षं उपचार केले. असं वर्णन आलं की मी आधी विचारते, काल काय खाल्लं? अर्धपोटी माकडाला अचानक घबाड मिळालं की ते गालांच्या थैल्यासुद्धा भरून घेतं, वर भरपूर पाणी पितं. पोटात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू असतो. त्याला हवा लागत नाही, पिठूळ-गोड अन्न मात्र लागतं. ते आंबतं, वायू कोंडतो, जठर ताणत जातं. फुगलेलं जठर छातीच्या पडद्यावर आणि मोठ्या नीलेवर दाबतं. श्वास अडतो, हृदयाकडे रक्त परतत नाही. काही तासांत सगळं संपतं.

आळ घेण्याआधी ताबडतोब शवविच्छेदन व्हायला हवं होतं. विष आहे की नाही, हे त्यातूनच कळतं. उशीर झाला की तेही अवघड, कारण माकड मेल्यावरही हा जंतू शरीरात वाढतो आणि शव तसंही फुगतं. पुराव्याशिवाय त्या गरीब माणसाची नोकरी जाऊ देऊ नका. मालकांना हे उत्तर वाचून दाखवा.

आता मादीकडे बघा. जंगलात ही माकडं दिवसभर थोडंथोडं चरतात. तिला दिवसातून तीन-चारदा थोडं द्या : पालेभाजी, काकडी, मोड आलेली कडधान्यं. पाणी कायम हवं. पाव-बिस्किटं पूर्ण बंद. डाव्या बरगडीखाली फुगवटा, लाळ, कोरड्या उलट्या, पाठ वाकवून बसणं, यांतलं काहीही दिसलं तर सोडा-ओवा पाजत बसू नका. तोंडातून नळी घालून वायू काढणं आणि शिरेतून सलाईन, हे डॉक्टरच करू शकतात, आणि तेही वेळेत.

तुमच्या वर्णनावरून ही बोनेट माकडं आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे, ती घरी पाळता येत नाहीत. वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर आजच फोन करा आणि पथक येईपर्यंत पाहुण्यांना पिंजऱ्याजवळ जाऊ देऊ नका.