पॉवर बँक परत मागवलीय, पण माझी तर नीट चालतेय!

प्रश्न : ताई, माझ्याकडची पॉवर बँक कंपनीने परत मागवलीय असा मेल आलाय. दोन वर्षं वापरतोय, कधी साधी गरमसुद्धा झाली नाही. बिल केव्हाच हरवलं. कंपनी म्हणते वापर बंद करा, सिरीयल नंबर टाका, फोटो पाठवा, नवीन यायला महिनाभर लागेल. तोपर्यंत जपून वापरली तर चालेल ना? हा मेल फ्रॉड तर नसेल? आणि नवीन आली की जुनी धाकट्या भावाला देऊ का?
– एक वाचक

उत्तर : नाही, चालणार नाही, जपूनही नाही. "माझी तर नीट चालतेय" हे वाक्य मला इतक्यांदा ऐकायला मिळतं की खरंच काळजी वाटते, कारण लिथियम बॅटरीतला दोष बाहेरून दिसेलच असं नसतं. आत प्लस आणि मायनसच्या मध्ये एक पातळ पडदा असतो, तो कुठे दाबला गेला किंवा फाटला की आतल्या आत शॉर्ट होतं, बॅटरी स्वतःच तापत जाते आणि मग ती थांबवणं कुणाच्या हातात राहत नाही. माझ्याकडची एक अशीच "नीट" चालत होती, एकदा टेबलावर ठेवली तर भोवऱ्यासारखी गोल फिरली, पाहिलं तर पोट फुगलेलं! त्या दिवशीही तिने फोन व्यवस्थित चार्ज केला होता.

म्हणून आजच बंद करा. चार्जिंगला लावू नका, बिछाना, पडदे, कागद यांच्यापासून लांब, फरशीवर ठेवा. कचऱ्याच्या डब्यात मुळीच टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर तिथे पेट घेऊ शकते. नेहमीच्या कुरियरनेही परस्पर पाठवू नका, कशी आणि कुठे द्यायची ते कंपनीला विचारा.

बिलाचं टेन्शन घेऊ नका. दोष बहुतेक वेळा ठरावीक काळात बनलेल्या मालात असतो, त्यामुळे कंपनी मुख्यतः मॉडेल आणि सिरीयल नंबर बघते. तो नंबर इतका बारीक आणि फिकट छापलेला असतो की डोळ्यांना दिसत नाही, टॉर्च तिरका धरून फोटो काढा आणि झूम करा. इंग्रजी 8 आणि B नीट बघून टाका, एक अक्षर चुकलं की "तुमचं मॉडेल यादीत नाही" असं उत्तर येतं आणि माणूस निर्धास्त होऊन परत वापरायला लागतो. फोटोसाठी काही कंपन्या वस्तूवर मार्करने 'रिकॉल' लिहायला सांगतात, म्हणजे ती पुन्हा विकली जाऊ नये. तेवढं करा, पण फोडायला किंवा कापायला जाऊ नका.

फ्रॉडची शंका बरोबर आहे. मेलमधल्या लिंकवर क्लिक न करता कंपनीची साइट स्वतः टाइप करून तिथे सूचना आहे का बघा. बदली वस्तूसाठी बँकेचा ओटीपी किंवा कार्डाचा पिन लागत नाही, कुणी मागितला तर तिथेच थांबा. उत्तरच येत नसेल तर सगळं लेखी ठेवा आणि ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जा.

नवीन वस्तू आली की आत नेमकं काय बदललंय तेही विचारा, तो तुमचा हक्क आहे. २०१६ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी नोट ७ चे सुमारे २५ लाख फोन परत मागवले, बदलून दिले, आणि बदलून दिलेलेही पेटले, कारण दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरीत वेगळाच दोष निघाला. शेवटी ऑक्टोबरमध्ये त्यांना तो फोन बनवणंच बंद करावं लागलं. पर्याय असेल तर मी तरी पैसे परत घेईन.

आणि भावाला द्यायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. मेल तुम्हाला आलाय, त्याला येणार नाहीये, तो बिचारा ती रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपेल.