इराणी सिनेमा पहिल्यांदा बघणार असशील तर

सुरुवात असगर फरहादीच्या २०११च्या ‘अ सेपरेशन’पासून कर. पहिल्याच प्रसंगात नवरा-बायको थेट आपल्याकडे तोंड करून भांडतात, न्यायाधीशाचा फक्त आवाज. म्हणजे निवाडा आपल्याच गळ्यात! पुढे म्हाताऱ्याची देखभाल करणारी बाई त्याचे ओले कपडे बदलण्याआधी धर्माच्या जाणकाराला फोन करून विचारते, परपुरुषाला हात लावला तर पाप लागेल का? शेजारी उभी चिमुरडी म्हणते, बाबांना नाही सांगणार. गरिबी, धर्म, नवऱ्याचा धाक, सगळं त्या दोन मिनिटांत. तो प्रसंग पुन्हा मागे नेऊन बघ.

घरातसुद्धा बायकांच्या डोक्यावर रुमाल दिसला तर तिथल्या सगळ्या घरांत असंच असतं असं समजू नकोस. तो सेन्सॉरचा नियम आहे. दिग्दर्शक जफर पनाहीवर २०१०मध्ये सिनेमे काढायला वीस वर्षांची बंदी आली, तरी गड्याने स्वतः टॅक्सी चालवत, गाडीतच कॅमेरा लावून ‘टॅक्सी’ काढला. २०१५मध्ये त्याला बर्लिन चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च बक्षीस, गोल्डन बेअर, मिळालं.

डबिंग अजिबात नको. सबटायटल्स लाव आणि कान उघडे ठेव. जमीन, दस्त, तारीख असे आपले शब्द मधूनच ऐकू येतात (मला तर त्याचाच नाद लागला). आणि दुकानदार पैसे नको म्हणाला तर भुलू नकोस, तो ‘तआरोफ’, निव्वळ शिष्टाचार. पैसे द्यायचेच असतात.

एका रात्रीत दोन मात्र बघू नकोस, झोप लागत नाही.