लेकराला रडवून कॉलेजला जावं का?

सत्र परीक्षेच्या तारखा लागल्या की परभणीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एका ठरावीक वयाच्या मुली येऊ लागतात. वय एकवीस-बावीस, पदवीचं शेवटचं वर्ष, घरी दीड-दोन वर्षांचं लेकरू. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, प्रश्न तोच: लेकरू रोज रडतं, त्याला असं रडवून शिकण्यात काय अर्थ, सोडून देऊ का? त्यातल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीनं सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

शीतल जिंतूर रोडवरच्या एका गावात नांदते. बीएस्सीचं दुसरं वर्ष संपलं त्या उन्हाळ्यात लग्न झालं. पोरीला शिकू द्यायचं हे बोलणीतच ठरलं होतं. विराज झाला तेव्हा मध्ये खंड पडला, आता शेवटचं वर्ष सुरू होतं. नवरा जिंतूरला कृषी सेवा केंद्रात कामाला, सासू-सासरे शेतावर, सोयाबीन आणि कापूस. शीतल सकाळी एसटीनं परभणीला यायची, चारच्या सुमारास घरी पोचायची. 2023 च्या मार्चपासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, तेव्हा "आता तर जाण्यायेण्याचंबी परवडतंय" असं नवराच आपणहून म्हणाला होता. म्हणजे घर तिच्या विरोधात नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण अशा गोष्टीत सासू छळणारीच असणार असं वाचणाऱ्यांनी मनाशी धरलेलं असतं.

"मॅडम, लेकरू दारात लोळून रडायलंय आन् मी मायक्रोबायोलॉजी शिकायला चालले," ती म्हणाली. "कोन्त्या आईला शोभतंय हे?" शेजारच्या एका बाईनं तिला तोंडावर विचारलं होतं, लेकराला रडवून शिकायचं असं काय अडलंय? ते तिच्या मनातून जात नव्हतं. विराज तेव्हा 20 महिन्यांचा होता.

सोडू का, याचं उत्तर मी पहिल्या भेटीत देत नाही. सहा सत्रांतली चार झालेली असताना हा प्रश्न बहुधा सकाळच्या दहा मिनिटांत तयार झालेला असतो, आणि ती दहा मिनिटं नीट पाहिल्याशिवाय त्याला हात घालण्यात अर्थ नसतो. म्हणून मी तिला तिचा दिवस पहिल्यापासून सांगायला लावला. कधी उठतेस, कोण काय करतं, निघताना नेमकं काय होतं.

त्यातून एक गोष्ट निघाली. सुरुवातीला विराज निघताना रडायचा. मग कुणीतरी सुचवलं, त्याची नजर चुकवून जात जा. तेव्हापासून सासू त्याला पुढच्या अंगणात न्यायची आणि शीतल परसातून निसटायची. दोन-चार दिवस शांततेत गेले. पुढे मात्र तो सकाळपासूनच तिला सोडीना. न्हाणीत गेली तरी दारावर थापा, रविवारी पाणी भरायला उठली तरी पदर धरून मागे. शीतलनं त्याचा अर्थ असा लावला की कॉलेजमुळे लेकरू बिघडलं.

लेकराच्या बाजूनं पाहा. साधारण आठव्या महिन्यापासून मुलांना कळू लागतं की आई डोळ्यांआड गेली तरी ती कुठंतरी आहे. पण कधी येणार, हे कळायला अजून खूप वेळ असतो. म्हणून आई दूर गेली की रडणं. हे रडणं साधारण दहा ते अठरा महिन्यांच्या काळात सगळ्यात जोरात असतं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत हळूहळू ओसरतं, कुणाचं थोडं आधी, कुणाचं नंतर. आई न सांगता नाहीशी होते हे एकदा ध्यानात आलं की लेकरू पहाऱ्यावर बसतं. विराज तेच करत होता. त्याच्या जागी शहाणं माणूसही तेच करेल.

मी शीतलला एवढंच सांगितलं: पुढच्या दारानं जायचं. त्याला सांगून, रोज त्याच शब्दांत, आणि पटकन. "मी कॉलेजला चालले, शेळ्या घरी आल्या की मी येते." घड्याळ त्याला कळत नाही, शेळ्या कळतात. एक मुका, आणि निघायचं. रडला म्हणून परत फिरायचं नाही, कारण तीनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन तीनदा परत येणारी आई लेकराला जास्त थकवते. पहिला आठवडा रडणं वाढेल, हेही सांगून ठेवलं. वाढलंच.

दुसऱ्या भेटीला सासूबाईंना सोबत आणायला सांगितलं. शीतल त्यांना आत्याबाई म्हणते. गुडघे दुखणारी, बोलायला मोकळी बाई. मी विचारलं, ही गेल्यावर किती वेळ रडतो? त्या हसल्या. "अवं, रोडावर जाईस्तवर रडतंय. मंग करडू दावलं का गप. चहा उकळस्तवर बी रडत नाई."

शीतल त्यांच्याकडे बघतच राहिली. हे तिला माहीतच नव्हतं. तिच्या डोक्यात लेकरू दिवसभर रडत होतं. एसटीत, वर्गात, मायक्रोस्कोपवर डोळा लावून बसलेली असतानाही. मी आत्याबाईंना विचारलं, तुम्ही हे तिला सांगितलं का नाही? "इच्यारलं का तिनं? आन् सांगितलं असतं तर म्हनली असती, माझ्यावाचून काही अडत नाई त्याचं." सासवांबद्दल मी पुष्कळ ऐकते, पण सुनेच्या मनाला लागू नये म्हणून गप्प राहिलेली सासू क्वचितच समोर येते.

अशी चिंता घेऊन आलेल्या प्रत्येकीला मी म्हणूनच सांगते, निघतानाच्या रडण्यावरून काही ठरवू नका. तुम्ही गेल्यावर तो खातो का, खेळतो का, झोपतो का, सांभाळणाऱ्या माणसाच्या मांडीवर जाऊन शांत होतो का, हे विचारा. खात-खेळत असेल तर लेकरू ठीक आहे. आठवडेच्या आठवडे दिवसभर रडत असेल, खाणं सुटलं असेल, वजन वाढत नसेल, बोलायला लागलेलं बोलणं थांबलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं. तो विषय वेगळा आणि कॉलेज सोडून सुटणारा नाही.

शीतलला खरी बोच होती चार वाजताची. ती घरी आली की विराज तोंड फिरवून आजीच्या मागे लपायचा. शिवाय आजीला तो "माय" म्हणायचा आणि आईला "शीतल". हे सांगताना मात्र ती रडली. नावाचं कारण साधं आहे. घरातले सगळे आजीला माय म्हणतात आणि तिला शीतल, लेकरू जे ऐकतं तेच बोलतं. घरात दोन-चार जणांनी मुद्दाम "आई आली" म्हणायला सुरुवात केली की हे बदलतं. तोंड फिरवण्याकडे मात्र मी लक्ष देते. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आई-लेकरातल्या ओढीवर आयुष्यभर काम केलं. आई थोडा वेळ बाहेर जाऊन परतते तेव्हा लेकरू काय करतं, ते त्या बारकाईनं पाहायच्या, कारण त्यांच्या मते जाण्यापेक्षा येण्याच्या वेळेला जास्त कळतं. अर्थात चार दिवस रुसलेल्या लेकरावरून कुणी निदान करत नसतं.

मी विचारलं, घरी आल्यावर तू आधी काय करतेस? उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं: पर्स टेकवते आणि भांड्याला बसते. दिवसभर बाहेर होते, आल्या आल्या बसून राहिले तर कसं दिसेल? लेकरू तिच्याकडे बघायचं तेव्हा तिची पाठ त्याच्याकडे असायची. हात धुऊन, भांडी घासून, भाकरी टाकून ती त्याला घ्यायची तोवर सात वाजलेले, आणि तो पेंगुळलेला.

इथं आत्याबाईंशी जरा सौदा करावा लागला. चार ते साडेचार शीतल फक्त विराजची. ना भांडी, ना फोन, ना पुस्तक. तो वेळ त्याचा, त्याला पाजायचं असेल तर पाजायचं, अंगणात माती उकरायची असेल तर बाजूला बसायचं. त्यानंतर आत्याबाई त्याला फिरवून आणतील आणि शीतल चुलीकडे जाईल. आत्याबाईंची अट एकच होती, शेजारणीनं विचारलं तर डॉक्टरनं सांगितलंय म्हणायचं. मी डॉक्टर नाही, पण हरकत घेतली नाही.

दिवसा आई नसते म्हणून रात्री दहादा दूध मागणं, हेही अशा लेकरांत खूप दिसतं. बायका मग ठरवतात की परीक्षेआधी दूध तोडायचं. मी या घाईच्या विरोधात आहे. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही स्तनपान चालू ठेवायला सांगते, आणि आईचं जाणं आणि दूध तुटणं लेकराच्या अंगावर एकाच महिन्यात टाकू नये. चारला पोटभर पाजलं की रात्रीचं मागणं थोडं कमी होतं. शीतलचं झालं. दुपारी त्याला गप्प ठेवायला आत्याबाई मोबाइल लावून द्यायच्या. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. पण तो विषय मी महिनाभर काढला नाही. ज्या बाईच्या जिवावर सुनेचं शिक्षण उभं आहे, तिच्या चुका पहिल्या दिवशी मोजायला बसू नये.

आता ऑक्टोबर. शहरातल्या सल्ल्यांत हा महिना कधी येत नाही. मराठवाड्यात सोयाबीनची काढणी, कापसाची पहिली वेचणी, दिवाळी आणि विद्यापीठाची हिवाळी परीक्षा मागेपुढे एकाच वेळी येतात. आत्याबाई शेतात गेल्या की विराजला घरी कोण? अंगणवाडीत शाळेसाठी तीन वर्षांपुढची मुलं बसतात, त्याआधी घरी न्यायचा आहार मिळतो, तेव्हा तो मार्ग नव्हता. शीतलच्या आईनं येऊन राहावं, तर लेकीच्या सासरी महिनाभर मुक्काम तिला अवघड वाटत होता. लेकराला पूर्णेला माहेरी ठेवावं, तर ते घर त्याच्या ओळखीचं नाही, वर आईही नाही.

हे सगळं दोघी माझ्यासमोर बोलत होत्या आणि ज्यानं ऐकायला हवं तो जिंतूरला दुकानात होता. पुढच्या वेळी नवऱ्याला बोलावलं. त्यानं कागदावर हिशेब मांडला आणि अर्ध्या तासात प्रश्न सुटला. सोयाबीन गुत्त्यानं काढायला द्यायचं, म्हणजे आत्याबाईंना शेतात जायला नको आणि मजुरांचं बघायलाही नको. पेपर रोज नसतात, एक-दोन दिवसांच्या अंतरानं असतात. त्या दिवशी सकाळी दुकानात उशिरा जायचं तो मालकाशी बोलला. चार पैसे जास्त गेले. दरवर्षी हे परवडेल असं नाही, आणि ज्यांचं शेत दीड एकर आहे त्यांना मी हा सल्ला देणार नाही. पण बापाला या चर्चेत आणायला एवढा उशीर का होतो, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. समोर बसलेली मुलगी "हे कामाला जातात" एवढं म्हणून त्याचं नाव यादीतून काढून टाकते.

कॉलेजात वेगळंच निघालं. आपल्याला लेकरू आहे हे तिनं तिथं कुणाला सांगितलंच नव्हतं. सर तिला "अनियमित विद्यार्थिनी" समजत होते, हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली होती, दोन प्रॅक्टिकल बुडाली होती. विद्यार्थिनींच्या प्रसूती रजेसाठी आणि हजेरीत सवलतीसाठी विद्यापीठांनी नियम करावेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर 2021 मध्ये कळवलेलं आहे. पण ते बाळंतपणाच्या काळाबद्दल. दोन वर्षांच्या लेकरासाठी असा हक्क सांगता येत नाही, प्राचार्यांच्या समजुतीवर भिस्त असते. म्हणून अर्ज लेखीच द्यायचा, प्रत ठेवायची, आणि "अडचणीमुळे" असं गुळमुळीत न लिहिता "मला 20 महिन्यांचा मुलगा आहे" असं लिहायचं. विभागप्रमुखांनी तिची प्रॅक्टिकलची बॅच बदलून सकाळची दिली, बुडालेली दोन करून घेतली. मदत करायला माणसं तयार असतात, त्यांना कारण माहीत असावं लागतं. सगळीकडे असतातच असं मात्र मी म्हणणार नाही.

या सगळ्यात मी शीतलच्या मनाकडेही पाहत होते. थकलेली आई आणि आजारी पडलेली आई यांत फरक करावा लागतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन न रमणं, लेकरू झोपलं तरी झोप न येणं, आपण नसलेलं बरं असे विचार, यातलं काही असेल तर अभ्यासाचं वेळापत्रक बाजूला ठेवून उपचार आधी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. शीतलला झोप मिळाली की ती हसायची, जेवायची, मैत्रिणीची नक्कल करून दाखवायची. तिला औषधाची गरज नव्हती, रात्रीच्या सलग चार तासांची होती.

हिवाळी सत्रात तिचा एक पेपर राहिला. उन्हाळ्यात तो आणि बाकीचे असे सगळे निघाले. विराज निघताना अजूनही कधीकधी ओठ काढतो, विशेषतः सोमवारी.

आता तिला बीएड करायचंय. नवऱ्याचं म्हणणं, विराज अंगणवाडीत जाऊ लागला की बघू. मी दोघांना सांगितलं, आधी कॉलेज किती लांब आहे ते बघा. बीएड दोन वर्षांचं आहे, तासिकांना 80 टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला 90 टक्के हजेरी लागते. तिथं प्रॅक्टिकलची बॅच बदलून काम भागणार नाही. प्रवेश परीक्षेचा फॉर्म तिनं भरलाय. त्यांचं अजून ठरलेलं नाही, आणि आत्याबाईंच्या गुडघ्याला डॉक्टरनं काय सांगितलं त्यावर बरंच अवलंबून आहे.